छोट्या उपचाराची धास्ती

"घर कापसात गुंडाळून ठेवू नका," समुपदेशक बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "तुमच्या नवऱ्याला जे टोचतं, ते टाळायला मदत करू नका." तिने मान डोलावली आणि घरी येऊन नेमकं उलट केलं. फोनचा आवाज बंद. काडी ओढायची ती दार लावून. आणि लेक रडली की नवऱ्याच्या कानावर जायच्या आत हातातलं टाकून धावायचं.

नवरा आगीच्या बंबावर. एका आगीतून त्याने एक मूल बाहेर आणलं, पण ते त्याच्या हातातच गेलं. तेव्हापासून स्वतःच्या लेकीला त्याने उचललं नव्हतं.

इस्पितळात अशा धसक्यावरचे दोन उपचार ताडून बघत होते. कुणाला कोणता, ते चिठ्ठ्या टाकून. त्याला छोटा आला: मोजक्या भेटी, तिथेच बसून त्या दिवसाबद्दल लिहायचं, घरी काही नाही. त्याच बंबावरच्या मिशाळला मोठा: कितीतरी आठवडे बोलायचं, वर त्याच बोलण्याचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं.

तिच्या जिवाला घोर. "एवढ्याशा लिहिण्याने काय व्हायचंय? आपल्या नशिबी मेली नेहमी सॅम्पलची बाटली!"

"दुखणं माझं, आणि घासाघीस तुझी," नवरा म्हणाला.

त्याच्या भेटी संपल्या. तिचा डोळा त्याच्या हातांवरच. एक दिवस लेक रडली, ही ओल्या केसांनीच धावली. तो दारात आडवा आला.

"थांब गं. तू अशी सुटतेस ना, मला वाटतं खरंच कुठे पेटलंय."

तो आत गेला. वाकून लेकीला उचललं त्याने. लेकीने त्याचं नाक धरलं. हिचे हात मात्र मधेच शिवशिवत राहिले.

"मिशाळला सांग, मी हिला उचललं म्हणून," तो म्हणाला.

तिने फोन लावला. "वहिनी, मोठा कोर्स मोठ्या माणसांना," मिशाळ हसला. "सोडला मी. ऐकवत नाही ते रेकॉर्डिंग. पण मजेत आहे हं!"

त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

आत्ता दोघं त्याच्या दारात उभी आहेत, लेक बापाच्या कडेवर. आत पंखा चालू आहे, दार उघडत नाही. नवरा पुन्हा थाप मारतोय, आणि ती तुम्हाला विनवतेय: तुमच्या ओळखीत कुणी उपचार मधेच सोडून "मजेत आहे" म्हणत असेल, तर फोनवर विसंबू नका. आजच जाऊन या.