पहिल्या चिठ्ठीचा मान

सुपातले तांदूळ पाखडता पाखडता सखूचा हात थांबला. भिंतीपलीकडे दहावीचा वर्ग होता आणि नम्रता बाईंनी नुकतंच विचारलं होतं, "एक नाणं दोनदा उडवलं, तर किती प्रकारे पडेल?"

"तीन!" वर्ग एका सुरात ओरडला. दोन्ही छापे, दोन्ही काटे, नाहीतर एक-एक.

"चार," बाई म्हणाल्या. "आधी छापा मग काटा, आणि आधी काटा मग छापा, हे दोन वेगळे. आधी काय आणि मागून काय, ते विसरायचं नाही."

सखू शाळेत पोरांचं जेवण रांधायची. अकरा वर्षं त्या खिडकीतून तिने दहावीचा अख्खा अभ्यास फुकटात ऐकला होता. त्यातला बराचसा भाताच्या वाफेबरोबर उडून गेला. हे मात्र डोक्यात बसलं, कारण शिमगा बारा दिवसांवर आला होता आणि कालच मुंबईहून लेकाचा फोन आला होता.

"आई, औंदा आम्ही नाय येत," गुरुप्रसाद म्हणाला होता. "होळीला दोन दिवसांची रजा मिळते. देवी आपल्या दारच्या खळ्यात येते तेव्हा आम्ही परत कामावर. कशाला एवढी धावपळ?"

मग नऊ वर्षांच्या आरोहीने फोन ओढून घेतला. "आजी, देवी आपल्यावर रागावलीय का?"

 त्या प्रश्नाने सखूला रात्रभर झोपू दिलं नाही.

गावाच्या वाड्या चार: देऊळवाडी, वरचीवाडी, मधलीवाडी आणि सखूची खाजणवाडी. होळीनंतर देवीची पालखी रोज एका वाडीत जायची, आणि देवळाचा गुरव रावजी देवीसमोर चिठ्ठ्या काढून क्रम ठरवायचा. पहिल्या दोन दिवसांत गाव मुंबईकरांनी नुसतं फुललेलं असे. तिसऱ्या दिवशी गाड्या भरून निघून जात. चौथ्या दिवशी खाजणवाडीत पालखी नाचवायला खांदेसुद्धा पुरत नसत. गुरुप्रसाद मुंबईला लागल्याला चौदा शिमगे झाले. चौदाही वेळा खाजणवाडीची चिठ्ठी चौथी निघाली, फार तर तिसरी. देवीची इच्छा, असं म्हणून वाडीने ते कधीच सोडून दिलं होतं.

भात चुलीवर चढवून सखूने कट्ट्यावर चार कडधान्यं घेतली. हरभरा देऊळवाडी, वाटाणा वरचीवाडी, मूग मधलीवाडी आणि चवळी आपली. आधी काय, मागून काय, असं करत ती रांगा मांडत गेली. मधल्या सुट्टीत नम्रता बाई चहाला आल्या, तेव्हा कट्ट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती.

"हे काय मांडलंय, सखूमावशी?"

"चोवीस रांगा झाल्या, बाई. पंचविसावी काय केल्या होत नाय."

"होणारच नाही. चोवीसच होतात." बाईंचा चहा हातातच राहिला.

"चवळी पहिली आली अशा सहा. दुसरी आली अशा सहा. म्हणजे निम्म्या." सखूने पदराला हात पुसले. "निम्म्या आमच्या, तर मग चौदा वर्षांत एकदा तरी यायला नको?"

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सखूच्या यादीच्या कागदामागे दुप्पट करत आकडे लिहीत गेल्या. दोन, चार, आठ, सोळा. चौदाव्या पायरीवर आकडा आला सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी. एवढ्या खेपांत एकदाच असं घडायचं.

"म्हणजे किती ते?"

बाईंनी चिमूटभर तांदूळ मोजून अंदाज बांधला. "साधारण दोन वाट्या तांदूळ."

"दोन वाट्यांत एकच खडा," सखू म्हणाली, "आणि तोच नेमका आमच्या दाताखाली?"

"येऊ शकतो. पण मी असते तर आधी तांदूळ तपासले असते."

"रावजीकाका लबाड नाय हां, बाई. देवमाणूस आहे."

"मी कुठे लबाड म्हटलं?"

तिसऱ्या दिवशी तांदळाचं नवं पोतं आलं. सखूने तांदळाच्या डब्याच्या झाकणावर बांधलेली आपली प्रसिद्ध गाठ सोडली. तिने मारलेली गाठ शाळेत दुसऱ्या कुणाला सुटत नसे, मुख्याध्यापक दोनदा हरले होते. मग नेहमीप्रमाणे तिने डब्यातला जुना तांदूळ चादरीवर काढला, नवा खाली भरला आणि जुना वर. असं केलं नाही तर जुना तळाशी पडून राहतो आणि त्याला टोके लागतात. आधी घातलेलं शेवटी निघतं, हे कुठल्याही रांधणारीला कळतं.

तिचा हात डब्यातच राहिला.

देवी पूर्वी खाजणवाडीच्या खाडीत सापडली, असं गाव मानतं. म्हणून पहिली चिठ्ठी देवीपुढल्या गडवात टाकायचा मान खाजणवाडीचा. सखूचा नवरा त्या दिवशी फेटा बांधून जायचा. तो गेल्यापासून चिठ्ठी सखूच नेत होती, कारण वाडीतले बाप्ये मुंबईत. बाकीच्या तीन वाड्या येतील तशा मागून टाकत. गडवाचं तोंड अरुंद, रावजी गुरवाची दोनच बोटं आत जायची, आणि वर लागेल ती चिठ्ठी बाहेर यायची. गडू कधी हलवला नव्हता. देवीच्या पुढ्यातली वस्तू कोण हलवणार?

चौदा वर्षं ज्या मानाने मिरवलो, त्यानेच आपल्याला तळाशी बसवलं! सखू एकटीच हसत सुटली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

मग एक वेगळाच विचार आला आणि तिने दोन दिवस तो कुणाला सांगितला नाही. मान सोडायचा. आमची चिठ्ठी शेवटी टाका म्हणायचं. गाव वर कौतुक करील, आणि दरवर्षी पालखी पहिली आपल्याकडे. कुणाला पत्ताही लागणार नाही. विचार गोड होता. पण तांदूळ निवडताना तिला सारखं वाटे, आता खडा दुसऱ्या कुणाच्या ताटात जाणार.

चिठ्ठ्यांच्या दिवशी देवळात चारही वाड्या जमल्या. सुपारीला चिठ्ठी गुंडाळून, लाल दोरा बांधून सखू पुढे झाली. सत्तरी ओलांडलेल्या रावजी गुरवाने सवयीने तिच्यासमोर गडू धरला.

"रावजीकाका, औंदा आमची शेवटी घाला. पयला मान सोडला आम्ही."

सभामंडपात कुजबूज झाली. देऊळवाडीचा दीपक म्हणाला, "मन मोठं हाये हो वहिनींचं!" तीन चिठ्ठ्या आत पडल्या. रावजीने सखूची चिठ्ठी गडवाच्या तोंडाशी नेली.

"थांबा," सखू म्हणाली. "आता ही सगळ्यांच्या वर बसेल. तुमची बोटं पयली हिलाच लागतील. दरसाल पालखी पयली आमच्याकडे. चालेल ना सगळ्यांना?"

"छे! असं कसं?" दीपक ताडकन उठला. "हा काय न्याय झाला?"

"मग चौदा वर्षं आम्ही तळाला होतो, तो कुठला न्याय, भाऊ?"

दीपक उभाच राहिला. मागे कोणीतरी खुदकन हसलं, मग दुसरं, आणि हसू मंडपभर पसरत गेलं. मागच्या खांबाशी नम्रता बाईंनी तोंडाला पदर लावला. रावजी मात्र हसला नाही. तो गडवात बघत होता. इतकी वर्षं ज्या दोन बोटांवर गावाने विश्वास टाकला, ती त्याने एकदा उलटसुलट करून पाहिली.

"आई, चूक पदरात घे," तो देवीला म्हणाला. सखूची सुपारी त्याने आत सोडली, गडवाच्या तोंडावर तळहात दाबला आणि सगळा जोर लावून गडू हलवला. त्या देवळात तो खडखडाट कुणी कधी ऐकला नव्हता. सखूला तो पार कानामागून मानेपर्यंत जाणवला.

पहिली चिठ्ठी निघाली वरच्यावाडीची. ढोल वाजला. सखूनेही मनापासून टाळ्या वाजवल्या.

"आता तिनांत एक," ती स्वतःशीच पुटपुटली आणि फोन हातात घट्ट धरला.

रावजीने दुसरी सुपारी बाहेर काढली. चष्मा लावून लाल दोऱ्याशी झटू लागला. नखाने ओढलं, दाताने धरलं, उजेडाकडे धरून पाहिलं. दोरा हलेना. मंडप माना उंचावून बघत राहिला.

सखूने कमरेला पदर खोचला आणि पुढे होऊन हात पसरला.

"द्या इकडे, काका. ती गाठ माझी आहे."