नवसाचा बोकड

विजयसिंहांनी देवीला बोललेला बोकड बायनाबाईच्या कळपात वाढत होता. शेरडं तिची, बोकड तेवढा मालकांचा. त्यांच्याच बांधावर चारायचं, मग नाही कसं म्हणणार? तलवाड्याच्या जत्रेत आपलाच बोकड उठून दिसावा म्हणून मालक त्याला रोज पाटीभर मका धाडायचे. "त्याला पाला खाऊ द्या," असं ती सांगून थकली. पालथ्या घड्यावर पाणी!

आज सकाळपासून बोकड पाठ वाकवून कण्हत होता. पाय ताणून जोर करायचा, पण थेंब पडत नव्हता. तिनं जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं आणि मालकांनाही.

डॉक्टरांनी त्याला ढुंगणावर बसवून तपासलं. "लघवी तुंबलीय. दाण्याच्या खुराकानं खडा झाला, तो लिंगाच्या टोकाच्या बारीक नळीत अडकलाय. तेवढं टोक कापलं की मोकळा होईल. नाहीतर आत मूत्राशय फुटेल."

"कापायचं न्हाई," विजयसिंह म्हणाले. "देवीला अव्यंग जनावर लागतं. गोळी द्या."

"गोळीनं हा खडा निघायचा नाही."

"मग देवीची मर्जी!"

बायनाबाईचं टाळकं फिरलं. मका काय देवीनं धाडला होता? चारून चारून मारायचं यांनी, आणि नाव देवीचं!

तिनं घागर उचलली. "मर्जीच बगायची ना? मग इचारू की आत्ताच." देवीपुढं बळी देण्याआधी बोकडावर पाणी ओततात, त्यानं अंग झाडलं की देवीनं घेतला, असं समजायचं. तिनं भडाभडा पाणी ओतलं. बोकड नुसता कण्हला, जागचा हलला नाही.

"बगा, देवीला न्हाई पायजे असला. डॉक्टरसाहेब, कापा!"

देवीच्या कौलापुढं मालक मागं सरले. डॉक्टरांनी कात्री चालवली. आधी रक्ताचा थेंब आला, मग लघवीची धार सुटली, ती थांबता थांबेना. बोकड उठला आणि त्यानं शिंगांपासून शेपटीपर्यंत अंग झाडलं. मालकांचा पांढरा शर्ट भिजला.

मालक हरखलेच. "झाडलं की! घेतला देवीनं. आता येत्या जत्रेला..."

"कशापायी?" बायनाबाई आडवी आली. "कापलेला बोकड देवीला चालत न्हाई. तुमचाच शब्द हाय, मालक."

"लई बोलायलीस. उद्यापासून माझ्या बांधावर तुझी शेरडं दिसली तर बघ!"

"न्हाई दिसायची," ती म्हणाली. बोकडाच्या गळ्यातली नवसाची हळदीची दोरी सोडून तिनं मालकांच्या हातात ठेवली. "आन् ह्यो बी न्हाई दिसायचा."