रस्त्यात वाघ होता

दोन हजार चोवीस साली, मोहफुले पडायच्या दिवसांत, रुखमाबाईंच्या संसारात वाघ शिरला.

"रस्त्यात वाघ होता," देवराव पडवीत चपला काढता काढता म्हणाले. "आडवाच बसला होता बाप्पा. हालेच ना. काचा वर केल्या, एसी लावला अन् बसून राह्यलो."

रुखमाबाईंच्या एका हातात पाण्याचा गडवा होता आणि दुसऱ्या हातात फोन. फोनवर गाडीचे ॲप उघडे होते. सकाळी गाडी अंगणातून निघाली तेव्हा बॅटरी शंभर होती, आता बावीस होती. मूल गावाला जाऊन यायला एवढी बॅटरी कधीच लागत नसे. निम्म्याच्या वर शिल्लक घेऊनच गाडी घरी येई.

"वाघ इतकी बॅटरी खाते?"

"वाघ कायले खाईन व? एसी खाते."

"अन् हे किलोमीटर? नव्वदच्या जागी दीडशे दाखवून राह्यलं. तेबी एसीनंच चालवले का?"

"फिरून आलो दुसऱ्या रस्त्यानं. वाघाच्या आंगावरून गाडी घालू का मी?"

एवढे बोलून देवरावांनी गडवा घेतला, घटाघटा पाणी प्यायले आणि आत जाऊन कुशीवर झोपले. रुखमाबाई पडवीत उभ्याच राहिल्या.

चंद्रपुरात माणसाने उशिरा यायचे आणि वाघाचे नाव सांगायचे, याचे कोणाला नवल वाटत नाही. कचेरीत उशिरा पोचलेला बाबू वाघ सांगतो, लग्नाला न आलेला मामा वाघ सांगतो. यातले निम्मे वाघ खरे असतात, म्हणून तर उरलेले निम्मेही खपून जातात. शहानिशा करायला जंगलात जाणार कोण? पण रुखमाबाईंच्या हातात आता शहानिशा करायचे साधन होते.

गाडी प्रफुलने घेऊन दिली होती. मुलगा बंगळुरात नोकरीला. आदल्या वर्षी दीक्षाभूमीचा सोहळा आटोपला आणि आठवड्याभरात विजेची पांढरी गाडी चंद्रपुरातल्या तुकूम भागातल्या घरासमोर येऊन उभी राहिली. देवरावांकडे साधा बटनांचा फोन, म्हणून ॲप आले आईच्या फोनवर. गाडी कुठे आहे हेही त्यात दिसायचे, पण ते कळताच देवराव उखडले होते.

"मी का वाघ हाव, गळ्यात पट्टा बांधाले? बंद कर ते."

प्रफुलने मुकाट्याने ते बंद केले. मग म्हणाला, "बाबा, निदान रस्ता सांगणारं तरी चालू ठेवू? बाई बोलते त्यात. डावीकडे वळा, उजवीकडे वळा."

"मले रस्ता सांगनारी बाई अजून जन्माले नाई आली," देवराव म्हणाले होते, आणि सगळे हसले होते.

खोटे नव्हते ते. वनखात्याच्या लाकूड डेपोंवर कारकून म्हणून त्यांचा जन्म गेला. वडसा, आलापल्ली, मूल, कुठे म्हणून बदली झाली नाही असे नाही. त्यांना गावांपेक्षा झाडे ओळखीची. रुखमाबाई नर्स होत्या. नव्या नवरीच्या दिवसांत कुण्या पाड्यावर बाळंतीण अडली की देवराव त्यांना सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसवून न्यायचे. कंदील रुखमाबाईंच्या हातात, पिशवी पोटाशी. अंधारात ते नुसते झाडांचे आकार बघून म्हणायचे, "हा ऐन आला, आता तीन मोह, मंग उजवीकडं." कधी चुकले नाहीत. त्या सायकलीवर रुखमाबाईंनी नवऱ्यावर जो विश्वास टाकला, तो चाळीस वर्षे तसाच राहिला होता.

सुरुवातीला त्यांना ॲपचे फार कौतुक. दवाखान्यात खाटेच्या पायथ्याशी रोग्याचा तापाचा कागद लटकलेला असे, तसे त्या ते रोज बघत. किती चार्ज झाली, किती चालली, एसी किती वेळ होता. मूलजवळ त्यांची थोडी धानाची बांदी, म्हणजे भातशेती होती, तिकडे देवराव आठवड्यातून एकदा जात. संपूर्ण हिवाळाभर आकडे शहाण्यासारखे येत राहिले. आणि मग हा वाघ आला.

पुढल्या आठवड्यात तो पुन्हा आला. त्या दिवशी गाडी दुपारभर कुठेतरी उभी होती. किलोमीटर हलत नव्हते आणि बॅटरी मात्र थेंबाथेंबाने उतरत होती. रुखमाबाई स्वयंपाक सोडून ओट्याशी फोन घेऊन उभ्या. एक आकडा उतरला की त्या घड्याळाकडे बघत.

"आज वाघीन होती," आल्यावर देवराव म्हणाले. त्यांनी बायकोकडे पाहिले नाही.

त्याच्या पुढच्या खेपेला वाघिणीबरोबर पिल्लेही होती.

"बरं हाय," रुखमाबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या. "माह्या देखत तिचा संसार झाला. बारशाले बोलावलं का तुमाले?"

देवरावांनी ताट पुढे ओढले. एरवी त्यांनी सव्वाशेर टोला हाणला असता. रुखमाबाईंना त्या गप्प राहण्यातच चोर दिसला. आणखीही दिसू लागले होते. बोलता बोलता त्यांचे लक्ष उडे. तेच ते दोनदा विचारत. मोटार काढण्याआधी इस्त्रीचा सदरा घालत, आरशासमोर उगाच उभे राहत. आणि "मी येतो बांदीवर," असे त्या म्हणाल्या की लगेच, "तू कशाले? ऊन हाय." चाळीस वर्षांत कधी त्यांनी उन्हाची भीती घातली नव्हती.

मग एका दुपारी रुखमाबाईंना गुलाब आठवली.

लग्नाआधी देवराव वडशाला होते. धान कापून झाले की त्या भागात रात्र रात्र नाटके चालत. एका मंडळीत गुलाब नावाची नटी होती आणि देवराव विंगेत वही घेऊन उभे राहत, नटांचे शब्द अडले की आतून पुरवत. नणंदेने हे सारे लग्नानंतर महिन्याभरात रुखमाबाईंच्या कानावर घातले होते. त्यांनी विचारले, तर देवराव एवढेच म्हणाले, "होती एक. नाटक संपलं." पुढे चाळीस वर्षे ते नाव घरात निघाले नाही. दोन वर्षांमागे मात्र पेपरात एक फोटो आला होता, जुन्या कलावंतांच्या सत्काराचा. गुलाबबाई, मुक्काम सिंदेवाही. देवरावांनी तो पेपर इतर दिवसांपेक्षा हळू घडी केला होता. रुखमाबाईंच्या लक्षात राहिले ते.

सिंदेवाही मूलच्या पुढे. जाऊन येऊन दीडशे किलोमीटर.

हिशेब असा चोख जुळला की त्यांना खुर्चीत बसावे लागले.

दोन दिवस त्यांनी अन्नाला नीट हात लावला नाही. या वयात नवरा सोडून जाणार नव्हता, ते त्यांनाही ठाऊक होते. पण त्या सायकलीवरचा विश्वास खोटा ठरला, तर मागे उरते काय? तिसऱ्या दिवशी सकाळी "मूलच्या सिस्टरले भेटून येतो" असे सांगून त्यांनी एसटी धरली. बायकांना अर्धे तिकीट सुरू झाल्यापासून गाड्या बायकांनीच भरलेल्या. त्यांच्या मनात आले, यातल्या किती जणी माझ्यासारख्या शोधाला निघाल्या असतील? रस्ता रुंद केलेला, दोन्ही बाजूंची झाडे कधीच गेलेली. मोहफुलांचा वास मात्र खिडकीतून येत होता. सगळी वाट त्या एकच वाक्य मनात घोळवत होत्या, "मी देवरावांची बायको. मले ओळखता ना?"

गुलाबबाईंचे घर कवेलूच्या छपराचे होते. दारात खाटेवर मोहफुले वाळत घातलेली आणि शेजारी एक पांढऱ्या केसांची, जाड चष्म्याची बाई काड्या वेचत बसलेली. डोळ्यांत अजून काजळ होते.

रुखमाबाई काही बोलायच्या आतच ती उठली. "जयभीम बाई. या. तुमी याल असं वाटलंच होतं."

पाठ केलेले वाक्य पार उडाले. "ते येते का इथी?"

"येते. तीनदा आले. तुमी बसा, पानी आनतो."

"पानी नोको मले. कशाले येते ते सांगा."

गुलाबबाईंनी हातातली काडी खाली ठेवली.

"रस्ता विचाराले."

रुखमाबाईंना कळेना. "कोनता रस्ता?"

"तुमच्या घरचा, बाई."

ओट्यावरून एक शेळी उडी मारून गेली. गुलाबबाई खाटेच्या कडेला बसल्या आणि त्यांनी रुखमाबाईंना हाताला धरून बसवले.

"पयल्यांदा आले तवा मले वाटलं, म्हाताऱ्याले जुनं आठवलं. खोटं काऊन सांगू, मी केस सारखे केले. दारात उभे. घामानं सदरा वला. म्हनते, गुलाब, चंद्रपूर कोन्या बाजूनं? मी हासली. वाटलं मजाक करून राह्यले. मंग त्याईचं तोंड पायलं."

"वाघ होता म्हनत होते…"

"मले बी तेच सांगत होते. मंग बोलले. झाडं तोडली म्हनते, म्हनून समजत नाई. वाटन तिकडं जाते, मंग गाडी उभी करून बसून राह्यते, आठवाची वाट पाह्यत. नाई आठवलं, त इकडं येते. हे माह्या मायचं घर. नाटकाची मंडळी इथीच उतरे तवा."

"अन् मंग?"

"मंग मी गाडीत बसतो अन् मूलच्या नाक्यापर्यंत नेऊन देतो. तिथून त्याईले समजते. मी यस्टीनं वापस." गुलाबबाईंनी खाटेवरची मोहफुले सारखी केली. "माहा शब्द अडला का ते विंगेतून देत होते, बाई. आता त्याईचा अडला, त मी दिला. बस, इतकंच."

"मले काऊन नाई सांगितलं? तुमी तरी?"

"शपथ घातली होती. म्हने, रुखमा नर्स हाय. तिले समजलं त ती मले पेशंट करन."

रुखमाबाईंनी पदर तोंडाला लावला. तेच ते दोनदा विचारणे, लक्ष उडणे, आरशासमोर उभे राहणे. वॉर्डात अशी किती माणसे त्यांनी पाहिली होती, नातेवाइकांना समजावून सांगितले होते. आणि घरात त्यांनी बाई शोधली. बाई असती तर किती सोपे होते. भांडता आले असते.

जाताना दाराशी त्या थबकल्या. विचारू नये ते तोंडून निघूनच गेले.

"घरचा रस्ता इसरले ते. मंग तुमचं दार कसं नाई इसरले?"

गुलाबबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. पुसत राहिल्या.

"ते मी त्याईले विचारलं नाई बाई. तुमी बी नोका विचारू."

परतीच्या एसटीत रुखमाबाईंनी फोन उघडला. गाडी घरी होती. शंभर टक्के भरलेली, एक किलोमीटर न हललेली. रस्ता सांगणारी बाई जन्माला आलेली होती, हे मनात आले आणि त्यांना हसू आले. हसता हसता डोळे भरले, तसे शेजारच्या बाईने काही न विचारता खिडकीची जागा दिली.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. देवराव फाटकाशीच उभे होते, चेहरा उतरलेला.

"कुठी होती व? इतका उशीर?"

रुखमाबाईंनी चपला काढल्या.

"रस्त्यात वाघ होता," त्या म्हणाल्या.

देवराव त्यांच्याकडे बघत राहिले. गेल्या कित्येक दिवसांत त्यांनी बायकोच्या डोळ्यांकडे असे पाहिले नव्हते.

"मोठा होता?"

"होता."

"भेली का?"

"भेली," रुखमाबाई म्हणाल्या. "पन आता नाई. आता मी बी येत जाईन संग."

देवराव आत गेले आणि त्यांच्यासाठी पाण्याचा गडवा घेऊन आले. अर्धे पाणी वाटेत सांडले होते.

त्यानंतर वर्षभर ती गाडी मूलला जाई ती दोघांना घेऊनच. वळणाच्या जरा आधी रुखमाबाई म्हणत, "उजवीकडं ना?" जणू त्याच विचारताहेत. देवराव म्हणत, "मंग काय डावीकडं?" आणि वळत. नागपूरच्या डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले. ते रुखमाबाईंना सिंदेवाहीच्या ओट्यावरच कळले होते. पुढे डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितले, आणि बांदी त्यांनी पुतण्याच्या हाती सोपवली.

गुलाबबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला चंद्रपूरला आल्या, तेव्हा रुखमाबाईंनी त्यांना घरीच ठेवून घेतले आणि त्यांच्या डोळ्यांत वेळच्या वेळी थेंब घातले. देवराव त्यांच्याशी अदबीने वागले. गुलाबबाई निघताना देवरावांनी रुखमाबाईंना विचारले, "या बाई कोन व?" रुखमाबाईंना सुटल्यासारखे वाटायला हवे होते. त्यांनी गुलाबबाईंकडे पाहिले आणि त्यांची पिशवी स्वतःच उचलून एसटीपर्यंत नेली. गुलाबबाई आता सिंदेवाहीलाच असतात. त्यांची नजर चांगली आहे.

प्रफुलने बदलीचा अर्ज केला, तो अजून मंजूर व्हायचा आहे. ॲप त्याने स्वतःच्याही फोनवर घेतले आहे.

गाडी अंगणातच असते. उन्हे कलली की देवराव इस्त्रीचा सदरा घालून चाकामागे बसतात. रुखमाबाई शेजारी बसतात, काचा वर करतात, एसी लावतात. किल्ली त्यांच्या कमरेला असते. देवराव समोरच्या भिंतीकडे बघत बोलू लागतात. हा ऐन आला. आता तीन मोह. मंग उजवीकडं. एकही झाड चुकत नाही.

सुरुवातीला प्रफुलचा फोन यायचा. आई, किलोमीटर तेवढेच आहेत, मग बॅटरी कशी उतरली? रुखमाबाई त्याला वाघाचे सांगत.

आता तो विचारत नाही. तिकडे बंगळुरात, कामातून मान वर करून, तो आकडा हळूहळू उतरताना नुसता बघत असतो.