दोघा भावांचं एकमत

रविवारी दुपारी त्या घरात जेवण कमी आणि वादच जास्त. थोरला सूतगिरणीतल्या कामगारांचा पुढारी; कारखाने कष्टकऱ्यांच्याच मालकीचे हवेत, हे त्याचं म्हणणं. धाकट्याची सुताची पेढी. बाजार मोकळा सोडा, माणसाला आपलं भलं कळतं, हे त्याचं. निवडणुकीत दोघे एकमेकांविरुद्ध उभे. वडिलांना दोघेही पटत नसत. जुनी घडी विस्कटली की माणूस जनावर होतो, एवढं बोलून ते पाण्याचा पेला उचलत.

तिघांना वाढायची ती ताई. नवरा वारल्यावर माहेरी आलेली. दोघा भावांच्या पत्रकांचं शुद्धलेखन तीच तपासायची. "दोघांचं मीठ खाते, म्हणून दोघांच्या वेलांट्या सुधारते," असं वहिनीला हसून सांगायची.

पत्रकं घेऊन छापखान्यातला जुळारी यायचा. दिवसभर अक्षरांचे खिळे जुळवणारा, बायको वारलेला, मितभाषी माणूस. एका रविवारी त्याने वडिलांसमोर उभं राहून ताईला मागणी घातली.

"माझा होकार आहे," ताई म्हणाली.

कोणी आवाज चढवला नाही. वडील उठून हात धुवायला गेले. जुळाऱ्याला कोणी बस म्हटलं नाही, तसा तो निघून गेला. मग दोघे भाऊ बाहेरच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि हळू आवाजात बोलत बसले. कित्येक वर्षांत असं घडलं नव्हतं. यांचं जुळू दे म्हणून ताईने देवाला किती साकडी घातली होती. आता ती कुजबुज ऐकत तिने अर्धवट राहिलेली ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी थोरली वहिनी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "जुळाऱ्याला कामावरून काढलं. भावजींनी छापखान्याच्या मालकाला दम दिला, आणि ह्यांनी कामगारांच्या संघटनेतून त्याचं नाव कमी केलं. आता त्याच्या बाजूने बोलणार कोण?"

संध्याकाळी दारात गाडी उभी राहिली. ताईला दूरच्या आत्याकडे धाडायचं ठरलं होतं.

"दादा, राबणाऱ्याने आपलं आपण ठरवावं, असं तू लिहितोस," ताई म्हणाली.

"ते कारखान्याबद्दल." थोरल्याने नजर वळवली. "चार माणसांत मला तोंड दाखवायचंय."

"आणि तू रे? माणसाला आपलं भलं कळतं ना?"

"घर म्हणजे बाजार नव्हे, ताई," धाकटा म्हणाला.

"माझी पोरं शहाणी झाली म्हणायची," वडील समाधानाने म्हणाले. "गाडीत बस. नाहीतर हा उंबरा तुला कायमचा बंद."

वहिनीने ताईची पिशवी उचलली. ती गाडीत न ठेवता तिने ताईच्या हातात दिली आणि थोरल्याकडे न बघता आत गेली.

ताई गाडीला वळसा घालून गल्लीत उतरली. एका बाजूला संघटनेची माणसं उभी होती, दुसऱ्या बाजूला पेढीची. परवापर्यंत एकमेकांची डोकी फोडायला निघालेली ही माणसं आज एकाच नजरेने तिच्याकडे बघत होती. कोणी हात उगारला नाही, कोणी वाटही दिली नाही. ती अंग चोरून त्यांच्यामधून गेली. मागून पावलं वाजू लागली.

गल्लीच्या तोंडाशी गाव सोडायला निघालेला जुळारी ट्रंक घेऊन तिची वाट पाहत उभा होता. तिच्या मागे येणारा घोळका पाहून त्याचा चेहरा उतरला.

"पळायचं का?" त्याने विचारलं.

"नाही," ताईने ट्रंकेची दुसरी कडी धरली. "चालत जाऊ."