पहिल्या फिल्टरची कबुली

मी एक फिल्टर बोलतोय. पाण्याचा, आणि तोही साधासुधा नाही, 'पहिला'. विज्ञान संस्थेच्या दारातच काचेच्या पेटीत माझा मुक्काम असतो.

माझे मालक तेव्हा प्लंबर होते. भाड्याच्या खोलीत, चुलीशेजारी त्यांनी मला घडवलं: पत्र्याचे दोन डबे, मधे पाणी गाळायची मातीची कँडल, खाली कुणाच्या तरी घरून काढलेला जुना नळ. माझ्यातलं पाणी तपासायला गेलं आणि 'निर्जंतुक' असा शेरा घेऊन आलं. मालकांना आकाश ठेंगणं झालं. पुढे कारखाना निघाला, मालकांचे साहेब झाले. इंजिनिअरांनी माझ्या धाकट्या भावंडांत नव्या कँडल बसवल्या. त्यांचं पाणी खरंच शुद्ध असतं. पण साहेबांच्या भाषणात कौतुक माझंच. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाने पहिल्याच फटक्यात जमवलं, हे ऐकून ऐकून माझे कान किटले.

म्हातारपणी साहेबांनी कारखाना विकून ही संस्था काढली. संशोधकांना अट एकच: जे सापडेल ते छापायचं, कुणाचीही भीड धरायची नाही. अट घालताना आपलीच भीड मधे येईल, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

जुन्या कँडलींचा अभ्यास करणाऱ्या एका तरुण संशोधिकेने मला पेटीतून काढून चारदा तपासलं. जंतू माझ्यातून आरामात पलीकडे जात होते. तसा शोधनिबंध तिने लिहिला. संचालकांनी तिला बजावलं, निबंध मागे घे, नाहीतर दुसरी नोकरी बघ. पोरगी खमकी. मला पिशवीत घालून तिने थेट साहेबांचं घर गाठलं.

साहेब लालबुंद झाले. "मग तेव्हा पाणी शुद्ध कसं निघालं?"

चहा घेऊन आलेल्या बाईसाहेब म्हणाल्या, "मी पाणी आधी उकळून मगच यात ओतत होते. पोरं प्यायची ना ते. तुमच्या डब्यावर कोण विसंबणार?"

"आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही इतके खुशीत होतात, मला सांगवेना."

साहेबांनी चहाचा कप बाजूला सारला. मी भंगारात जायची मानसिक तयारी केली. मग त्यांनी निबंध घेतला, शेवटच्या पानावर आभाराच्या यादीतलं स्वतःचं नाव खोडलं आणि बायकोचं लिहिलं.

"छापा," ते म्हणाले.

आता मी पुन्हा पेटीत आहे. नवी पाटी साहेबांनीच सांगून लिहून घेतली: 'पहिला फिल्टर. चालला नाही. पाणी बायकोने उकळलं होतं.' लोक वाचतात आणि हसतात. मला लागतं, नाही असं नाही. पण पाटीत एक अक्षर खोटं नाही, आणि माझ्याबद्दल असं आजवर कधीच म्हणता आलं नव्हतं.