कागदावर सौम्य

अम्मीला, म्हणजे मेहताबबींना, जाऊन बावीस दिवस झाले होते, आणि या बावीस दिवसांत मेहरीनने आपल्या सख्ख्या भावाकडे, काशिफकडे, एकदाही सरळ नजरेने पाहिलं नव्हतं. पाहिलं ते चोरून. दाराआडून, त्याच्यापुढे चहा ठेवताना, तो पाठमोरा असताना.

बेलापुरातलं घर तीन खोल्यांचं. पुढे काशिफचं, जळक्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं वाइंडिंगचं दुकान, मधली खोली झोपायची, मागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या मागच्या दारासमोर साळूबाईचं अंगण. अम्मी स्वयंपाकघरात पडली तेव्हा काशिफ पुढे दुकानात होता. मधे दोन उघडी दारं, अंतर मोजून बारा पावलं. अम्मी सकाळी पडली आणि दीड वाजून गेल्यावर सापडली, तीही श्रीमंत नावाचं एक गिऱ्हाईक मोटार न्यायला आलं आणि पाणी मागायला आत डोकावलं म्हणून. श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी मान हलवली. जरा आधी आणायला हवं होतं, म्हणाले.

श्रीमंतने गावभर सांगितलं ते असं: "भाभी आडव्या पडलेल्या, आन् ह्यो गडी खुशाल तार गुंडाळीत बसलेला! उशाशी दोन वाट्या. एकीत दही, एकीत ठेचा. आईच्या मढ्याशेजारी बसून जेवला म्हना की!"

त्याला भरीस साळूबाई होतीच. मातीला आलेल्या बायकांत तिचाच आवाज मोठा. "शाना हाय त्यो लई. समदं कळतंय त्याला."

मेहरीनला हे ऐकून राग यायला हवा होता. आला नाही. कारण तिलाही तसंच वाटत होतं.

काशिफ नऊ वर्षांचा असताना पुण्याच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं: स्वमग्नता, सौम्य. परतीच्या एसटीत पंधरा वर्षांच्या मेहरीनने तो शब्द अम्मीला तीनदा वाचून दाखवला. सौम्य म्हणजे थोडं. थोडं म्हणजे निभावेल. आणि निभावलंही. जळक्या मोटारीचा नुसता वास घेऊन कुठली कॉइल गेली ते काशिफ सांगायचा. शेकडो गिऱ्हाइकांचे नंबर त्याला तोंडपाठ. फोनच्या यादीत एकही नाव नाही. त्याच शब्दाच्या भरवशावर मेहरीन नगरला गेली, कॉलेजच्या ग्रंथालयात लागली, आणि महिन्या-दोन महिन्यांनी घरी येत राहिली. जेव म्हटल्याशिवाय तो जेवत नाही, पावसात भिजला तरी कपडे बदल असं सांगावं लागतं, अनोळखी माणूस चढ्या आवाजात बोललं की त्याची वाचा दिवसभर जाते, हे सगळं अम्मी पाहत होती. त्यामुळे ते बाकी कुणाला दिसत नव्हतं.

आता त्या शब्दाने उलटा डंख मारला. थोडंच आहे ना? मग बारा पावलं का चालवली नाहीत?

दाऊदमामूंनी तर प्रश्न दोन चिठ्ठ्यांवर आणून ठेवला होता. "त्याला कळलं नसेल तर बिचारा आहे, संस्थेत ठेवू. कळूनसवरून बसून राहिला असेल, तर मी त्याचं तोंड बघणार नाही, आणि या घराचं दार त्याला बंद. तू पुस्तकांतली बाई. जुम्म्यापर्यंत मला एक काय ते सांग."

बुधवारी तिने सरळ विचारलं. "काशिफ, अम्मी पडली तेव्हा तू कुठे होतास?"

"अकरा दहा," तो म्हणाला. डोळे तारेवर.

"वेळ नाही विचारली. कुठे होतास?"

"अकरा दहा."

म्हणजे घड्याळ पाहिलं होतं. "मग मला फोन का नाही केलास?"

त्यावर त्याने तिचा नंबर म्हणून दाखवला. दहाचे दहा आकडे, एका दमात, गिऱ्हाइकाला सांगावेत तसे. ती उठून आत गेली. नंबर ठाऊक होता, वेळ ठाऊक होती, मोबाइल हाताशी होता. आणखी काय पुरावा हवा?

पण एवढ्या पुराव्यावर भावाला घराबाहेर काढायचं तिच्याने होईना. गुरुवारी सकाळी तिने जे केलं, त्याची लाज तिला तेव्हाही वाटत होती. अकराच्या सुमारास तिने ओट्यावरचं पातेलं खाली ढकललं आणि अम्मी पडली होती त्याच फरशीवर अंग टाकलं. कूस तीच. डोळे मिटले, पण पुरते नाही.

दुकानातली तारेची सरसर थांबली.

पावलं आली. वार्निशचा वास आला. पापण्यांच्या फटीतून तिला त्याचे पाय दिसले, अंगठे आत वळवलेले. ते हलेनात. मग दोन बोटं तिच्या बाहीला लागली आणि चटका बसल्यासारखी मागे गेली. तो हाक मारेल, असं तिला वाटलं. हाक आली नाही. रॅकवर स्टीलचा आवाज झाला. तो वाटी घेत होता.

खायला घेतोय, मेहरीनच्या मनात आलं. श्रीमंत खरं बोलत होता. ती दात आवळून तशीच पडून राहिली. पावलं मागच्या दाराने बाहेर गेली.

पाच मिनिटंही झाली नसतील. अंगणात भांडं आपटल्याचा आवाज झाला आणि साळूबाईची किंकाळी आली. "अगं पोरी! मेहरीन! अगं बया गं!" पिठाने भरलेले हात तसेच घेऊन, पदराचं भान न ठेवता, साठीची बाई धावत आत शिरली. मेहरीन उठून बसली होती. साळूबाईने तिला पाहिलं, उंबऱ्यातच बसकण मारली आणि पिठाच्या हाताने तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

"मरनाची सोंगं करतीस व्हय गं! जीव गेला असता माझा!"

तिच्यामागे काशिफ उभा होता. हातात रिकामी वाटी.

"मावशी, काय म्हणाला हा तुम्हाला?"

"काय म्हनायचंय त्याला? उभा ऱ्हायला दारात. वाटी धरून."

"एवढंच?"

"येवढंच."

"मग तुम्ही धावत का आलात?"

साळूबाई हातावरचं पीठ खरवडायला लागली. ते वाळलं नव्हतं, निघत नव्हतं.

या दोन घरांत वाटीचा रिवाज जुना. विरजण संपलं, मिरची संपली की अम्मी काशिफच्या हाती वाटी देऊन पाठवायची. बोलायचं काही नसे, म्हणून तेवढं एक बाहेरचं काम त्याला जमायचं. साळूबाईही विचारत नसे. घरात असेल ते घालायची, कारण आलेली वाटी रिकामी परत पाठवायची नाही. इकडून शिरखुर्मा जायचा तोही तसाच, न बोलता.

"त्या दिशी आला हुता," साळूबाई खाली बघत म्हणाली. "पयल्यांदा दही घातलं. म्हनलं, भाभीचं विरजन नासलं आसंल. घटकाभरानं पुन्हा आला, दुसरी वाटी घिऊन. मंग ठेचा दिला."

"आणि?"

"तिसऱ्यांदा आला." तिचा आवाज बसला. "मी भाकरी टाकीत हुते. वरडले त्याच्यावर. म्हनलं, सारखं काय रं भिकाऱ्यावानी, जा, आईला म्हनावं सवताच यी. तवा गेला त्यो. मंग न्हाई आला."

मेहरीनला आता त्या दोन वाट्यांचा अर्थ लागला. आणलेली प्रत्येक वाटी त्याने अम्मीच्या उशाशी नेऊन ठेवली होती. आणि तिसऱ्या खेपेला कुणीतरी ओरडल्यावर त्याच्यापाशी उरलं होतं ते फक्त तार गुंडाळणं.

"बावीस दिवस तुम्ही गप्प बसलात? शाना हाय, शाना हाय म्हणत फिरलात?"

"काय सांगू?" साळूबाई भडकली, आणि भडकता भडकताच रडायला लागली. "की भाभी तिकडं पडली हुती आन् मी ठेचा देत बसले? त्याच्यावर गेलं तर जाऊ द्या म्हनलं. त्यो काय, बोलतोय का काय? आज पुन्हा वाटी दिसली आन् माझं काळीजच फाटलं, पोरी."

मेहरीनने तिला पाणी दिलं. समजूत घातली नाही. तेवढं मन तिच्याकडे त्या वेळी नव्हतं.

जुम्म्याची वाट न पाहता तिने दुपारीच मामूंना फोन लावला.

"बोल. कळलं होतं की नाही?"

"कळलं होतं, मामू. सगळ्यांच्या आधी कळलं होतं."

"हां. मग बसला कसा?"

"बसला नाही. तीन वेळा मदत मागून आला. त्याला मागता येते तशी."

"फोन होता की त्याच्याजवळ! दोनशे नंबर पाठ आहेत म्हणता. नुसता सौम्य आहे ना तो?"

"नंबर पाठ आहेत. घाबरल्यावर बोलता येत नाही. दोन्ही खरं आहे."

"एक काहीतरी सांग बाई, गोल गोल नको."

"एक नाही सांगता येणार. रविवारी या, दोन दिवस राहा. नुसतं बघत बसा त्याच्याकडे. त्याला काय येतं, काय नाही, ते लिहून काढू. मग बोलू कुठे राहायचं ते. तोवर मी रजा वाढवतेय."

"येतो," मामू म्हणाले. पटल्यासारखा आवाज नव्हता.

रात्र-रात्र झोप नव्हती, म्हणून दुपारी मधल्या खोलीत चटई टाकून ती जरा आडवी झाली. पुढच्या खोलीतली सरसर लगेच थांबली. काशिफ येऊन उभा राहिला. कुणाला हात न लावणाऱ्या त्या माणसाने तिचं मनगट धरलं आणि ओढलं. जोरात, हाड दुखेल इतकं.

"उठते. उठले बघ. झोपतेय फक्त मी."

ती बसली तेव्हा त्याने मनगट सोडलं. तो परत गेला, अर्ध्यात सोडलेली कॉइल उलगडली आणि पुन्हा पहिल्या वेढ्यापासून गुंडाळायला घेतली. थोड्या वेळाने तिने हळूच अंग टेकलं. सरसर थांबली. तो आला.

चौथ्या खेपेला मेहरीनने चटई गुंडाळून ठेवली आणि दुकानाच्या दाराशी, त्याला दिसेल अशी, भिंतीला टेकून बसली. डोळे उघडे ठेवून.