ओळखा, ही कोण?

आंब्रुआज व्होत्रेल हार्पसिकॉर्ड या पियानोसारख्या वाद्यापुढे बसला तेव्हा त्याची बोटं थरथरत होती. बरं झालं, बाह्यांना लेस होती. लोकांना वाटलं, लेसच हलतेय.

पॅरिसात तेव्हा या खेळाचं वेड होतं. संगीतकाराने कुणाचं तरी चित्र सुरांत काढायचं, नाव मात्र सांगायचं नाही. ते पाहुण्यांनी ओळखायचं. आज मार्व्होच्या डचेसबाईंच्या दिवाणखान्यात आंब्रुआजची दोन चित्रं होती. बाई खूश झाल्या तर त्यांच्या घरी संगीतशिक्षकाची नेमणूक पक्की. नाहीतर आहेच पुन्हा दारोदार फिरून व्यापाऱ्यांच्या मठ्ठ लेकींना शिकवणं.

पहिलं चित्र खुद्द बाईंचं. भारदस्त, संथ, सुरासुरावर नक्षी. महिनाभर त्याने त्यावर जीव ओतला होता. शेवटचा सूर विरला तसे एक गलेलठ्ठ पाद्रीबुवा डोळे चोळत ओरडले, "ओळखलं! आर्चबिशपांची प्रेतयात्रा!"

दिवाणखान्यात हशा पिकला. बाईंनी पंख्याआड जांभई दिली. आंब्रुआजच्या तोंडचं पाणी पळालं. आता नाव सांगायची सोयच उरली नव्हती.

दुसरं चित्र त्याच्या बायकोचं, पेरीनचं. ती पाववाल्याची लेक, मागच्या भिंतीशी त्याचा कोट सांभाळत उभी होती. एकदा ती हसत सुटली ती थांबेचना, तेव्हा त्याने गंमत म्हणून हे लिहिलं होतं. उजवा हात धावत सुटला, डावा त्याच्यावरून उडी मारून पलीकडे गेला, सूर एकमेकांना चिमटे काढू लागले आणि आंब्रुआज आपली भीतीच विसरला. अहाहा, काय वाजवलं गड्याने! चॉकलेटचे पेले हातातच राहिले. पाद्रीबुवांची टाचसुद्धा ठेका धरू लागली.

"पुन्हा! पुन्हा!"

बाई ताडकन उठल्या. गाल लालबुंद झाले होते, हसू ओठांत मावत नव्हतं. "ही मी! मीच ही, हो ना व्होत्रेल? छापाल तेव्हा वर माझं नाव घाला. आणि गुरुवारपासून शिकवायला या."

सुंठीवाचून खोकला गेला होता. नुसतं 'होय' म्हणायचं होतं. त्याने मागे पाहिलं. पेरीन डोळे मोठे करून खुणावत होती, हो म्हणा, अहो, हो म्हणा! तिच्याकडे बघून तर त्याला 'होय' म्हणवेचना.

"नाही बाईसाहेब. ही माझी बायको."

"दैव देतं नि कर्म नेतं," पाद्रीबुवा पुटपुटले.

"मग मी कुठली?" बाईंनी विचारलं.

"पहिली."

"म्हणजे ती प्रेतयात्रा?"

"बाईसाहेब, मी तुम्हाला हसताना कधी पाहिलंच नव्हतं. आज पहिल्यांदा पाहिलं."

बाई पेरीनकडे वळल्या. "काय गं, रोज अशी हसतेस?"

"रोज कुठलं बाईसाहेब! ह्यांच्या केसांचा टोप सूपात पडतो त्या दिवशी."

बाईंना आधी उचकीसारखं काहीतरी आलं. मग त्या खो खो हसत सुटल्या, पंखा कुठे पडला याचंही त्यांना भान राहिलं नाही. डोळे पुसत त्या वाद्यापाशी आल्या.

"सरका, व्होत्रेल. गुरुवारपर्यंत कोण थांबतंय? हे हिचं हसू शिकवा मला."

"आणि छापताना नाव?" पाद्रीबुवांनी विचारलं.

"हिचंच राहू द्या," बाई म्हणाल्या. "माझं चित्र त्यांना अजून काढायचंय."